पोटातलं कापड

डोळे मिटू नका, उघडे ठेवूनच कल्पना करा. पाचवीचा वर्ग आहे. बाकं भिंतीला लावून मधली जागा मोकळी केली आहे आणि तिथे अंथरलेल्या सतरंजीवर मुलं दाटीवाटीने बसली आहेत. तुम्हीही त्यांच्यातच कुठेतरी बसला आहात. समोर तुमच्याच वयाची एक मुलगी उभी आहे. तिच्या हातात एक फडकं आहे. मूळचं पिवळं, त्यावर बारीक तपकिरी फुलं. पण त्यातलं पिवळं किती आणि मळ किती, हे आता सांगता येणार नाही.

"आजी, हिने लादी पुसायचं फडकं आणलंय," मागून विनीत म्हणाला.

वर्ग हसला. तुम्हीही हसला असतात कदाचित. त्यात फार वाईट वाटून घेऊ नका, फडकं खरोखरच लादी पुसायचं होतं.

शेवंतीआजी हसल्या नाहीत आणि विनीतवर रागावल्याही नाहीत. त्यांनी हात पुढे केला. "बघू गं."

मुलीने फडकं दिलं. आजींनी ते अंगठा आणि बोट यांच्यामध्ये धरून चोळलं, नाकाशी नेलं, मग उजेडाकडे धरलं. खिडकीतला उजेड त्यातून आरपार येत होता.

"सुती आहे. चांगलं सुती. कुणाचं?"

"गाऊन होता."

"कुणाचा?"

ती मुलगी, संचिता, सतरंजीकडे बघू लागली.

"बरं. दोरा ओव आधी. मग सांग."

त्या वर्गात हा नियम होता. एक दोरा, एक गोष्ट. सुईतला दोरा संपेपर्यंत त्या कापडाची गोष्ट सांगायची, टाके घालत घालत. दोरा संपला की गोष्ट संपली, मग पुढच्याने सुई घ्यायची. ज्याला खूप सांगायचं असे तो हातभर दोरा ओवायचा आणि मग त्याचा गुंता करून बसायचा. सम्यकने त्याच्या बाबांच्या वॉचमनच्या नोकरीतल्या जुन्या शर्टाची गोष्ट सांगायला एवढा लांब दोरा घेतला होता, की प्रत्येक टाक्याला तो उठून उभा राहायचा.

संचिताने वीतभर दोरा तोडला.

"हा माझ्या आईचा गाऊन," ती म्हणाली. एक टाका. "ती हा घालून भांडी घासायची." दुसरा टाका. "पुढून ओला व्हायचा. मग ती तसंच मला जवळ घ्यायची, मी ओरडायचे." तिने आणखी दोन टाके घातले, दोरा ओढला आणि म्हणाली, "संपला."

विनीतने मान खाली घातली. संचिताची आई दिवाळीपासून घरी नाही, हे त्या मुलांपैकी निम्म्यांना तरी माहीत होतं. ती विठ्ठलवाडीला राहते आणि जीन्स शिवायच्या कारखान्यात जाते, हेही माहीत होतं. का गेली, ते मोठ्यांचं होतं. मोठी माणसं ते मुलांसमोर बोलत नव्हती, आणि मुलं झोपली असं वाटलं की बोलत होती.

*

आता या शेवंतीआजी कोण, ते सांगतो. त्या शाळेच्या शिक्षिका नव्हत्या. लग्न होऊन त्या माण तालुक्यातून डोंबिवलीला आल्या. यजमान शिवराम मानपाड्याच्या बाजूला एका रंगाच्या कारखान्यात होते. कोपरला दोन खोल्या, दोन मुलं, मुलांची लग्नं, मग शिवराम गेले. एवढंच. शिवराम गेल्यावर त्यांचे शर्ट काय करायचे, असं सून विचारत होती. आजींनी ते उसवले, कॉलर आणि बाह्या वेगळ्या केल्या आणि गोधडीत घातले. ती गोधडी गॅलरीच्या कठड्यावर वाळत घातलेली असताना वरच्या मजल्यावरच्या योगिनीबाईंनी पाहिली. योगिनीबाई पाचवीच्या वर्गशिक्षिका. कार्यानुभवाच्या तासाला कागदाची फुलं करून घेऊन त्या कंटाळल्या होत्या.

"आजी, आमच्या मुलांना शिकवाल?"

"मला नाही बाई बोलता येत वर्गात."

"बोलू नका ना. शिवा नुसतं. ती आपोआप येऊन बसतील."

तसंच झालं. दर शनिवारी आजी पिशवीत सुया, दोऱ्याची रिळं आणि त्यांची मोठी कात्री घेऊन यायच्या. त्यांनी मुलांना आधी शिवायला शिकवलंच नाही, कापायला शिकवलं. दोघादोघांनी. एकाने कापड दोन्ही हातांनी ताणून धरायचं, दुसऱ्याने कात्री चालवायची. धरणाऱ्याचा हात हलला तर कापणाऱ्याची रेघ वाकडी जाते. त्यावरून भांडणं व्हायची.

"तू हलवलंस."

"तूच वाकडी चालवलीस, मी कशाला हलवू."

"दोघंही बरोबर," आजी म्हणायच्या. "कात्रीत दोन पाती असतात, आणि कापायला दोन माणसं लागतात."

संचिताची जोडी कुणाशी लागेना. आजींनीच तिच्यासाठी ते पिवळं कापड ताणून धरलं. घरी नेऊन त्यांनी ते साबणाच्या पाण्यात भिजवून, हलक्या हाताने धुऊन आणलं होतं. धुतल्यावर फुलं थोडी वर आली होती. कापताना संचिता जीभ दातांत धरायची. तिने कापलेला चौकोन वर्गात सगळ्यात सरळ निघाला.

आणखी एक नियम होता. नवं कापड आणायचं नाही. एका मुलाने दुकानातून चकचकीत सॅटिनचा तुकडा आणला, तेव्हा आजींनी तो परत त्याच्या दप्तरात ठेवला. "हे अजून पाहुणं आहे रे बाळा. घरातलं झालं की आण. कुणाच्या अंगाला लागलं नाही, कुणी त्याला तोंड पुसलं नाही, तर गोष्ट कसली सांगणार तू?"

"मग किती दिवस वापरू?"

"आई म्हणेल आता टाकून दे, तोवर."

या चौकोनांची गोधडी पुरी झाली की शाळेतच राहणार, असं त्यांनी मुलांना सांगितलं होतं. बालवर्गातली मुलं दुपारी पेंगायला लागली की त्यांच्यावर घालायला. मुलांना ते फार आवडलं होतं. आपल्या बाबांच्या शर्टाखाली कुणीतरी छोटं पोरगं झोपेल, यावर सम्यक पुन्हा पुन्हा बोलायचा.

*

मग संचिताला कांजिण्या आल्या. ती घरी असताना गोधडी जुळवायचा शनिवार आला. स्नेहसंमेलन जवळ आलं होतं, थांबता येण्यासारखं नव्हतं.

सतरंजीवर आधी एक जुनी साडी अंथरली. ते खालचं अस्तर. त्यावर पोटाचे, म्हणजे आतले, थर. आणि सगळ्यात वर मुलांचे चौकोन, रंग बघून, ओळीने. आजी एकेक तुकडा हातात घेऊन बघत होत्या. संचिताचा पिवळा तुकडा त्यांच्या हातात बराच वेळ राहिला. त्यांनी तो खिडकीकडे धरला. झिजून झिजून त्याची जाळी झाली होती. वर लावला तर पहिल्या धुण्यातच फाटणार.

अशा कापडाचं काय करायचं, हे शेवंतीआजींना विचार करून ठरवावं लागत नव्हतं. त्यांच्या आईने तेच केलं होतं, आजीने तेच केलं होतं. जे कापड सगळ्यात जास्त वापरलं, जे सगळ्यात मऊ झालं, ते गोधडीच्या पोटात जातं. वरचं कापड ऊन सोसतं, धुणं सोसतं, लोकांच्या नजरा सोसतं. पोटातल्याला काही सोसावं लागत नाही. त्यांच्या स्वतःच्या गोधडीच्या पोटात त्यांच्या आईचं लुगडं होतं, आणि आता शिवराम यांचे शर्ट. त्यांच्या लेखी त्याहून मानाची जागा नव्हती.

"संचिताचं इथं," त्या म्हणाल्या. त्यांनी तो तुकडा बरोबर मधोमध ठेवला आणि तळव्याने सारखा केला. "हिला सगळ्यात उबेची जागा."

मुलांनी त्यावर थर घातला, वर चौकोन लावले आणि चारी बाजूंनी बसून धावदोरा घालायला सुरुवात केली. कडेकडेने फिरत आत जायचं, आत जात जात मधोमध संपवायचं. तासाभरात पिवळं कापड कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

संचिता परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर कांजिण्यांचे डाग होते आणि गोधडी पुरी झाली होती. वर्गातल्या दोन बाकांवर ती पसरून ठेवली होती. संचिताने एका टोकापासून बघायला सुरुवात केली. ओळ संपली की पुढची ओळ. सगळ्या ओळी झाल्यावर ती पुन्हा पहिल्या ओळीवर आली.

"आजी, माझं कुठंय?"

"पोटात." आजींनी तिचा हात धरून मधोमध ठेवला. "इथं. दाबून बघ. बाकीच्यापेक्षा मऊ लागतं."

संचिताने दाबून बघितलं.

"दिसत नाही."

"दिसायचं नसतं गं ते. माझ्या आईचं लुगडं आहे ना माझ्या गोधडीत, तेही कुणाला दिसत नाही. मला ठाऊक आहे तेवढं पुरे."

"पण दिसायला पाहिजे होतं."

"तुला हाताला कळलं ना?"

"मला नाही हो आजी." तिने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आईला."

मग कळलं ते असं. विनीतची आईही विठ्ठलवाडीला त्याच कारखान्यात कामाला जायची. त्या फडक्याच्या दिवसानंतर विनीत आपणहून संचिताकडे आला होता. "सॉरी यार," म्हणाला होता, आणि तुला काही निरोप द्यायचाय का, मम्मी सांगेल, असंही म्हणाला होता. संचिताने निरोप दिला होता. शाळेच्या कार्यक्रमाला ये. आत यायचं नसेल तर गेटमधून बघ. आम्ही गोधडी बनवतोय, ती स्टेजवर लावणारेत. आत्याने तुझे सगळे गाऊन फाडून फडकी केली, पण एक मी ठेवलाय. पिवळा. तो गोधडीत लावणारे, लांबून पण दिसेल.

"ती येणार म्हणालीये," संचिता म्हणाली. "आणि आता पिवळं दिसलं नाही तर तिला वाटेल, मी पण..."

आजींचा हात अजून तिच्या हातावर होता, गोधडीच्या मधोमध. त्यांनी तो काढून घेतला आणि उगाचच एक सुटा दोरा शोधू लागल्या. सुटा दोरा एकही नव्हता. मुलांनी फार मन लावून शिवलं होतं.

*

शेवंतीआजी मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेल्या. तोवर शिपाई गोधडी तिथे घेऊन गेला होता.

"बाई, मी दोन दिवस घरी नेते हिला. एक कापड वर घ्यायचं राहिलंय. मधलं उसवून परत टाचते."

"या, बसा आधी." मुख्याध्यापिकांनी स्वतः खुर्ची पुढे केली. त्या खरंच खूश होत्या. "आजी, काय झालीये हो गोधडी. मी सगळ्यांना फोटो पाठवले. आता काही करू नका. आता ती लाँड्रीत जाईल, हलकी इस्त्री होऊन कार्यक्रमाच्या दिवशी परस्पर येईल. आम्ही ठरवलंय, पाहुण्यांचा सत्कार हिनेच करायचा."

"म्हणजे पांघरायची त्यांच्यावर?"

"शाल काय, कुणीही देतं. त्यांच्याकडे कपाटभर असतील. ही आपल्या मुलांच्या हातची आहे."

"मग परत घ्यायची?"

मुख्याध्यापिका हसल्या. "सत्काराची वस्तू परत कशी घेणार, आजी?"

"मी मुलांना सांगितलेलं, बालवर्गात राहील म्हणून."

"आपण पुढच्या वर्षी आणखी एक करू ना. त्यांनी आपल्याला कॉम्प्युटर दिलेत. आणि तुमचाही सत्कार आहे हं, नाही म्हणायचं नाही."

चहा आला. आजींनी तो घेतला. नको म्हणता आलं असतं, पण मग उठावं लागलं असतं, आणि उठल्या असत्या तर बोलणं संपलं असतं. चहा संपल्यावर बोलायला तसंही काही उरलं नाही.

बाहेर व्हरांड्यात योगिनीबाई उभ्या होत्या. "मी बोलले होते आजी, कालच. नाही ऐकत."

"मुलांना काय सांगू?"

योगिनीबाईंनी वर्गाच्या किल्ल्या या हातातून त्या हातात घेतल्या. "मी सांगते हवं तर," त्या म्हणाल्या, पण त्यांनाही ते जमलं नाही. कुणीच कुणाला काही सांगितलं नाही.

एकच गोष्ट करता येण्यासारखी उरली होती. त्याच गाऊनचा आणखी एखादा तुकडा मिळाला असता, तर कार्यक्रमाच्या दिवशी, पाहुणे यायच्या आत, आजींनी तो वरच्या एखाद्या चौकोनावर टाचून दिला असता. त्याला कितीसा वेळ लागतो. म्हणून त्या संध्याकाळी संचिताच्या घरी गेल्या.

कोपरला रुळांच्या बाजूला ती चाळ होती. संचिताची आत्या, शालन, दारातच वाल सोलत बसली होती. नवरा गेल्यापासून ती भावाकडे, म्हणजे संचिताच्या वडिलांकडे, राकेशकडेच राहत होती. संचिता शिकवणीला गेली होती.

"पिवळा गाऊन?" शालन म्हणाली. "आजी, त्याचं काय राहिलेलं? फडकं पण धड होत नव्हतं. घंटागाडीत टाकला मी मागच्या आठवड्यात."

"दुसरं काही तिचं? परकर, ओढणी, काहीही."

शालनचा हात थांबला. तिने एक वाल बोटांत दाबला, त्याचं साल निघालं.

"तिचं म्हणून काही ठेवलं नाही मी या घरात. राकेश कपाट उघडून बसायचा आजी. ड्युटीवरून आला की कपाट उघडायचा आणि बसायचा. जेव म्हटलं तर जेवायचा नाही. पोरगी त्याच्याकडे बघत बसायची. कुणीतरी काढायलाच पाहिजे होतं ना ते सगळं?"

"हो."

"मग मी काढलं. सगळे मलाच बोलतात, फाडलेस कपडे, फाडलेस कपडे. द्यायचे होते तर कुणाला देणार? तिचे कपडे घालून दुसरी बाई समोरून जाताना बघायची काय मी?"

आजी पायरीवर टेकल्या. दोघींनी मिळून थोडे वाल सोलले.

"ती येणारे का शाळेत?" शालनने खाली बघूनच विचारलं.

"बोलावलंय पोरीने."

"मी पण जाणारे. नाचात आहे म्हणालेली मला."

"नाचात नाही. गोधडीत आहे."

शालनने वालाची सालं सुपात गोळा केली. "मला काही सांगत नाही ती," ती म्हणाली. "जेवण काय आहे, एवढंच विचारते."

*

कार्यक्रम शाळेच्या मैदानात होता. वर कापडी मांडव होता, पण ऊन तिरपं येऊन स्टेजवर पडत होतं. गोधडी दोन खांबांमध्ये दोरीला लटकवली होती. पाचवीची मुलं ओळीने तिच्यासमोरून जाणार होती. आपापल्या चौकोनाला हात लावून एकेक वाक्य बोलायचं, असं योगिनीबाईंनी बसवलं होतं. संचिताचं नावही त्यांनी यादीतून काढलं नव्हतं. ती सगळ्यात शेवटी होती.

"हा माझ्या पप्पांचा शर्ट. त्यांना रात्री झोप येऊ नये म्हणून ते खिशात मिरची ठेवायचे," सम्यक म्हणाला आणि लोक हसले.

"हा माझ्या दादाचा टी-शर्ट. त्याने मला कधीच दिला नाही, त्याला लहान झाला तेव्हा पण," विनीत म्हणाला.

संचिता स्टेजवरून गेटकडे बघत होती. गेटशी रिक्षावाले होते, आइस्क्रीमची गाडी होती, कडेवर मूल घेतलेल्या दोन बायका होत्या. त्या तिच्या ओळखीच्या नव्हत्या.

तिची पाळी आली. ती गोधडीच्या मधोमध उभी राहिली आणि तिने तिथे पालथा हात ठेवला. त्या जागी एका दुसऱ्याच मुलीच्या फ्रॉकचा निळा चौकोन होता. लोकांनी पाहिलं असेल तर त्यांना तो निळा चौकोन दिसला असेल.

"माझं आत आहे," ती म्हणाली.

माइक तोवर सूत्रसंचालन करणाऱ्या सरांनी उचलला होता. पाहुणे घाईत होते, त्यांना ठाण्याला आणखी एका कार्यक्रमाला जायचं होतं. शेवंतीआजी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं. त्यांच्यामागे कुणी ऐकलं का, ते सांगता येत नाही.

दोरीवरून गोधडी उतरवली आणि पाहुण्यांच्या खांद्यांवर घातली. टाळ्या झाल्या. पाहुणे चांगले गृहस्थ होते. त्यांनी दोन्ही हातांनी गोधडी धरली, कडेचे टाके बघितले, आपल्या लहानपणी घरात अशी गोधडी होती हे सांगितलं, आणि ते सांगताना त्यांचा आवाज थोडा बदलला. पण ऊन होतं आणि गोधडी जड होती. भाषण संपेपर्यंत त्यांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. त्यांनी ती काढून घडी केली आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे दिली. त्याने ती नेऊन गाडीत मागच्या काचेपाशी ठेवली.

मग शेवंतीआजींचा सत्कार झाला. त्यांना नारळ मिळाला आणि प्लास्टिकच्या पिशवीतली शाल मिळाली. शालीला अजून दुकानाची घडी होती.

गाडी गेटमधून बाहेर पडली तेव्हा मुलं तिच्या मागे थोडी धावली. विनीत परत आला आणि आजींच्या शेजारी उभा राहिला.

"आजी, आपली गेली ना?"

"गेली."

"बालवर्गात नाही येणार?"

"नाही रे बाळा."

तो आणखी काहीतरी विचारेल म्हणून आजी थांबल्या. तो खुर्च्या गोळा करायला गेला, ते काम त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

*

मांडव सोडायला माणसं आली, तेव्हा संचिताची आई, माया, आली. ती धावत आल्यासारखी होती, पण गेटच्या आत आली नाही. तिच्या बोटांना जीन्सचा निळा रंग होता. अंगावर फिका पंजाबी ड्रेस आणि कोरी करकरीत हिरवी ओढणी. मुलीच्या शाळेत जायचं म्हणून घेतली असावी. ओढणीच्या टोकाला दुकानाची चिठ्ठी काढल्याची टाचणी राहिली होती.

संचिता शालनआत्याबरोबर गेटकडेच येत होती. शेवंतीआजी त्यांच्या मागे होत्या, एका हातात नारळ, दुसऱ्या हातात सुया-कात्रीची नेहमीची पिशवी. गेटमध्ये सगळ्याच थांबल्या. शालन आणि माया, दोघी नणंदा-भावजया, एकमेकींकडे एवढ्या जवळून दिवाळीनंतर पहिल्यांदा बघत होत्या.

"मी कोथिंबीर घेते," शालन संचिताला म्हणाली. "तू ये मागून. उशीर नको करू." आणि मायाकडे न बघता ती तिच्या बाजूने निघून गेली.

"सुट्टी देत नव्हता गं," माया म्हणाली. "माल जायचा होता. कुठंय? दाखव ना."

"गेली."

"कुठं गेली?"

"पाहुण्यांना दिली. गाडीतून गेली."

मायाने रस्त्याकडे बघितलं, जणू गाडी अजून वळणावर असेल. मग विचारलं, "पिवळं कसं दिसत होतं?"

संचिताने आजींकडे बघितलं. शेवंतीआजींनी नारळ पिशवीत ठेवला.

"मी पोटात घातलं बाई ते," त्या म्हणाल्या. "वर घ्यायचं होतं पोरीला. मला माहीत नव्हतं."

"किती झिजलेलं ते," माया हळूच म्हणाली. तीही शिवणारी बाई होती. "वर टिकलं नसतं. आतच बरं." तिने हे संचिताला समजवायला म्हटलं, आणि संचिताने मान हलवली, पण ती मान हलवणं तिला समजल्यामुळे नव्हतं, एवढं माया आणि आजी, दोघींनाही कळलं.

"मी जाऊ आता?" माया म्हणाली. "अर्ध्या दिवसावर आलेय. येईन परत."

"कधी?"

"येईन ना."

आता तुम्ही पुन्हा कल्पना करा. तुम्ही त्या गेटशी उभे आहात. गोधडी गेली आहे. आई चालली आहे. तुमच्याजवळ तिचं काहीही नाही, घरातही नाही. तुम्ही काय केलं असतंत, ते मला सांगता येणार नाही. संचिताने काय केलं, तेवढं मला माहीत आहे.

"आजी, कात्री द्या," ती म्हणाली.

आजींनी पिशवीत हात घातला आणि मोठी कात्री काढून तिच्या हातात दिली. संचिताने आईच्या हिरव्या ओढणीचं टोक धरलं. आधी टाचणी काढली आणि फ्रॉकला लावून ठेवली. कापड कोरं होतं. आजींच्या तोंडाशी शब्द आले होते, नव्याची गोधडी करत नाहीत बाळा, ते अजून पाहुणं असतं. त्या बोलल्या नाहीत.

मायाने कात्रीकडे बघितलं, मुलीकडे बघितलं. मग खांद्यावरची ओढणी काढून तिने दोन्ही हातांनी ताणून धरली.

संचिताने जीभ दातांत धरली. आईचे हात जराही हलत नव्हते. तिने कात्री लावली आणि कडेपासून सावकाश, सरळ, कापत गेली.